उंदराच्या डोळ्यातील उलटे केंद्रक

प्रश्न : मी बारावीला जीवशास्त्र शिकवते. केंद्रकात गुणसूत्रांचा घट्ट, निष्क्रिय भाग कडेला आणि सैल, सक्रिय भाग आत असतो, अशी आकृती आम्ही फळ्यावर काढतो. उंदराच्या दृष्टिपटलातील पेशींत हे नेमके उलटे असते, असे वाचनात आले. ते खरे आहे का, आणि केंद्रकपटलातील प्रथिनांचा त्याच्याशी संबंध काय? – एक शिक्षिका, सातारा

उत्तर : खरे आहे, मात्र त्यासाठी फळ्यावरची आकृती पुसण्याचे कारण नाही. मंद प्रकाशात पाहण्याचे काम दंडपेशी करतात (त्याही चेतापेशीच आहेत, हे सहसा ध्यानात येत नाही). उंदीर, मांजर अशा रात्री वावरणाऱ्या सस्तन प्राण्यांच्या दंडपेशींत घट्ट भाग केंद्रकाच्या मधोमध गोळा झालेला असतो, हे म्युनिकच्या इरिना सोलोवेई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली दाखवून दिले. दिवसा हिंडणाऱ्या खारीत किंवा माकडात आपल्या आकृतीप्रमाणेच रचना आढळते.

केंद्रकाच्या आतल्या पटलाला लागून लॅमिन या प्रथिनांच्या तंतूंची जाळी असते. घट्ट भागाला कडेशी बांधून ठेवणारी दावी मुख्यतः दोन : पटलातच रुतलेले ‘लॅमिन बी रिसेप्टर’ हे प्रथिन आणि जाळीतील ‘लॅमिन ए/सी’. पेशीच्या वाढीत सहसा आधी पहिले काम करते आणि मग दुसरे त्याची जागा घेते. उंदराच्या पिल्लाच्या दंडपेशींत जन्मतः केंद्रक नेहमीसारखेच असते. पण पुढे पहिले दावे सुटते आणि दुसरे बांधलेच जात नाही. घट्ट भागांची ओढ मुळात एकमेकांकडे असल्यामुळे त्यांचे विखुरलेले पुंजके काही आठवड्यांत एकमेकांत मिसळत जातात आणि अखेर मध्यभागी एकच गोळा उरतो. याच गटाने २०१३ साली केलेला प्रयोग मला फार नेटका वाटतो : जनुकीय बदल करून दंडपेशींत लॅमिन बी रिसेप्टर टिकवून ठेवले, तर उलटापालट झालीच नाही.

याचा फायदा काय? प्रकाश टिपणारी टोके दृष्टिपटलात अगदी मागे असतात आणि उंदराच्या डोळ्यात तिथवर पोहोचण्यासाठी प्रकाशाला केंद्रकांचे दहाएक थर ओलांडावे लागतात. मधोमध घट्ट गोळा असलेले केंद्रक इवल्याशा बहिर्गोल भिंगासारखे वागते, त्यामुळे प्रकाश कमी विखुरतो. लॅमिन बी रिसेप्टर मुद्दाम टिकवलेल्या उंदरांना अंधूक उजेडात कमी उठावाच्या आकृती ओळखणे अधिक अवघड जाते, असे २०१९ मध्ये आढळले.

वर्गात सांगण्याजोगी आणखी एक गोष्ट अशी की, माणसात लॅमिन बी रिसेप्टरच्या दोन जनुकप्रतींपैकी एकीत दोष असेल, तर त्याचा माग डोळ्यात नव्हे, रक्तात लागतो. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींच्या केंद्रकाला एरवी तीन-चार खंड असतात. अशा व्यक्तीत ते दोनच दिसतात. याला पेल्गर-ह्युएट विकृती म्हणतात आणि त्या व्यक्तीला सहसा काहीही त्रास होत नाही.