प्रार्थनेत मधेच शिवी येते, हे पाप आहे का?

"मॅडम, देवाचं नाव घेताना मनात घाण घाण येतं, मला माफी मिळेल का" असं विचारणारी मुलं माझ्याकडे कौन्सेलिंगला दरवर्षी येतातच, आणि सगळ्या धर्मांची येतात. अथर्वशीर्ष म्हणताना एका ओळीवर अडकून परत पहिल्यापासून सुरू करणारी मुलगी, वुजू (नमाजाआधी हातपाय-तोंड धुणं) पुन्हा पुन्हा करणारा कोंढव्यातला मुलगा (त्यांच्यात याला वसवसा म्हणतात, चक्क शब्द आहे त्यासाठी). आज जे सांगतेय ते एका ख्रिस्ती मुलाचं. त्याला विचारूनच लिहितेय आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय.

तो आला होता बॅकलॉगसाठी. एस.वाय. बीएस्सी, झूऑलॉजी, मूळचा नगर जिल्ह्यातला, इथे पुण्यात वाकडेवाडीला कॉट बेसिसवर राहायचा. दोन पेपर राहिलेले, त्यातला एक जेनेटिक्स. कॉलेजच्या सरांनीच पाठवलेला, पोरगा हुशार आहे पण अभ्यासाला बसतच नाही म्हणून. पहिल्या सेशनला तोही अभ्यासाबद्दलच बोलला, मोबाईल, लक्ष लागत नाही, झोप येते, आणि मीही आपलं टाइमटेबल करून दिलं आणि मोकळी झाले. आता लाज वाटते, पण झालं तसं.

दुसऱ्या वेळी मी त्याला प्रॅक्टिकलचं जर्नल आणायला सांगितलं होतं. ड्रोसोफिलाची (फळमाशीची) आकृती इतकी सुबक की पंखावरची एकेक शीर दिसावी, आणि मागची पानं उघडली तर पेन्सिलीच्या उभ्या रेघा, चार उभ्या एक आडवी, चार उभ्या एक आडवी, पानंच्या पानं. मी विचारलं, काय रे, माश्या मोजल्यास का एवढ्या? तो बोटाचं पेर गुडघ्यावर आपटत बसला. बऱ्याच वेळाने म्हणाला, "प्रार्थना."

तर झालेलं असं. अभ्यासाला बसायच्या आधी प्रभूची प्रार्थना म्हणायची हा घरचा नियम, लहानपणापासूनचा. "हे आमच्या स्वर्गातील पित्या, तुझे नाव पवित्र मानले जावो", आणि बरोब्बर "पवित्र"वर मनात आईवरची शिवी यायची. मग ती प्रार्थना बाद, परत पहिल्यापासून. परत "पवित्र", परत तेच. एका रात्री चौसष्ट वेळा. नऊला बसलेला पोरगा साडेअकराला पुस्तक उघडणार तर डोळे मिटायला लागलेले असायचे. मग नापास झाला, तर वाटलं देवाने शिक्षा केली, शिक्षा केली म्हणजे प्रार्थनेत खोट होती, म्हणजे अजून नीट म्हणायला पाहिजे. हा चरक दीड वर्ष फिरत होता आणि घरच्यांना वाटत होतं पोरगा पुण्यात जाऊन बिघडला.

आणि वर बायबलमधलं, मत्तयाच्या बाराव्या अध्यायातलं ते वचन, पवित्र आत्म्याविरुद्ध दुर्भाषण केलं तर क्षमा नाही. ख्रिस्ती घरातलं कोणी हा त्रास घेऊन आलं की बहुतेक वेळा हे वचन सोबत असतंच. मी काही ख्रिस्ती नाही, पण आता ते मला अध्यायासकट पाठ झालंय.

मरावंसं वाटतं का, हे मी सरळ शब्दांत विचारते, आडून नाही. तो म्हणाला, "मेलो तर थेट नरकात, म्हणून नाही वाटत." हे ऐकून मला हायसं वाटायला हवं होतं, वाटलं नाही. त्याच आठवड्यात सायकियाट्रिस्टकडे पाठवलं. (असं उत्तर तुमच्या कोणाच्या तोंडून ऐकलंत तर थांबू नका, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलतात.)

त्याच्या मावशीचं मत होतं की हे सगळं उत्क्रांती शिकल्यामुळे, माकडापासून माणूस शिकवतात म्हणून सैतान शिरतो. मी म्हटलं अरे तुमच्या जेनेटिक्सचा बाप मेंडेल तर मठातला संन्यासी होता, आणि शिक्षकाच्या परीक्षेत 1850 साली नापासही झाला होता. मला वाटलं मी काय भारी उदाहरण दिलं. पोरगा म्हणाला, "माहितीये मॅडम, पुस्तकाच्या पहिल्याच पानावर असतं." त्याला डार्विनचा त्रास नव्हताच मुळी, लेक्चरला तो मजेत बसायचा. त्रास होता त्या एका शब्दाचा.

याला ओसीडी म्हणतात, नको असलेला विचार परत परत येतो आणि तो घालवायला माणूस तीच कृती परत परत करत राहतो. हात धुणं, कुलूप तपासणं लोकांना माहीत असतं, धर्मातली ओसीडी माहीत नसते, कारण बाहेरून ती भक्तीसारखी दिसते. विचार कोणाच्याही मनात येतात. नव्या बाळंतिणीला बाळ हातातून खाली टाकलं तर असा विचार येतो आणि ती दचकते, म्हणून ती वाईट आई नसते. जे आपल्याला सगळ्यात जपायचं असतं तिथेच हे विचार चावतात, ज्याला देवाचं काही पडलेलंच नाही त्याला "पवित्र"वर शिवी आली तर तो पुढे निघून जाईल. आणि दाबायला गेलं की वाढतात. अमेरिकेत 1987 साली डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञाने विद्यार्थ्यांना सांगितलं होतं की पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आला तर घंटी वाजवा. पोरं घंट्या वाजवत बसली. हा माझा पोरगा घंटीऐवजी रेघा मारत होता एवढंच.

आता माझी चूक. हे सगळं समजावल्यावर तो खूश झाला आणि रात्री अकराला मेसेज, "मॅडम हे पाप नाहीये ना?" मी लिहिलं नाही रे बाबा. दुसऱ्या दिवशी परत. तिसऱ्या दिवशी दोनदा. चौथ्या-पाचव्याला माझ्या डोक्यात प्रकाश पडला की आता रेघा जर्नलमध्ये नाहीत, माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवर मारल्या जातायत. दिलासा हीसुद्धा एक गोळी होते, तासाभरात उतरते आणि परत लागते. पंधरा वर्षं हेच काम करून मी यात सापडले, मग आईवडील सापडले तर त्यांना काय बोलणार.

मग त्याच्या परवानगीने त्याच्या चर्चच्या पाळकसाहेबांना भेटले. मनात धाकधूक होती की हे म्हणतील अजून प्रार्थना कर, उपास धर. पण साठीतला शांत माणूस. म्हणाले, प्रोटेस्टंट पंथ ज्याच्यापासून सुरू झाला तो मार्टिन ल्यूथर मठात असताना सहा-सहा तास पापांची कबुली देत बसायचा, ऐकणारा वैतागायचा, हे आमच्याकडे जुनं दुखणं आहे. आणि त्या वचनाचं म्हणाल तर ज्याला आपण ते पाप केलं अशी भीती वाटते त्याने ते केलेलं नसतं. मी म्हटलं हे त्याला एकदाच सांगा, रोज नाही. ते हसले, "एकदा सांगतो. परत विचारलं तर चहा पाजतो."

उपचार ऐकायला सोपा आणि करायला महाकठीण. प्रार्थना एकदाच म्हणायची. शिवी आली तरी थांबायचं नाही, माफी मागायची नाही, "आमेन"पर्यंत जायचं आणि पुस्तक उघडायचं. मग जी घालमेल होते तिला शंभरपैकी मार्क द्यायचे आणि ती तशीच राहू द्यायची. पहिल्या दिवशी माझ्या खोलीत बसून केलं तेव्हा पंचाण्णव, घामाने शर्ट पाठीला चिकटलेला, पंखा पाचवर. चाळीस मिनिटांनी पन्नासवर आलं, नुसतं बसून, काही न करता. तो घड्याळाकडे बघत राहिला. औषधाचा गुण यायला दोन-अडीच महिने गेले, मधे एकदा गोळ्या परस्पर बंद केल्या तेव्हा सगळं परत उसळलं, त्यावरून डॉक्टरांची बोलणी खाल्ली.

मधल्या एका सेशनला तो स्वतःहून हसला. म्हणाला, "मॅडम, त्याच प्रार्थनेत पुढे आहे, आम्हाला परीक्षेत आणू नको. मी रोज म्हणतो आणि युनिव्हर्सिटी रोज फॉर्म भरायला लावते." दीड वर्षात तो त्या ओळीपर्यंत नीट पोहोचलाच नव्हता.

जेनेटिक्स निघालं, काठावर. दुसरा पेपर राहिलाय. शिवी अजून येते अधूनमधून.

मागच्या महिन्यात त्याच्या आईचा फोन आला, तो सुट्टीला घरी गेला होता. "सलाम मॅडम," आवाज जरा दबकाच, "तुम्ही रागावू नका, पण ह्याची प्रार्थना आता फार लवकर संपते. एका मिनिटात आमेन म्हणून जेवायला बसतो. हे बरोबर चाललंय ना?"

म्हटलं, "बरोबर चाललंय ताई, वाढा त्याला."