जुन्या धर्तीचा बोवी चाकू घरी घडवायचा आहे, ट्रकचा पाटा चालेल का?

तुम्हाला एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन जिम बोवीच्या मूळ चाकूसारखा चाकू हवा आहे. त्याची पाठ टोकाकडे खोलगट कापलेली हवी, मुठीपाशी मोठा पितळी गार्ड (बोटं धारेवर घसरू नयेत म्हणून लावलेली आडवी पट्टी) हवा, आणि हाताशी ट्रकचा जुना पाटा, म्हणजे स्प्रिंगची पोलादी पट्टी आहे. पाट्याचं नंतर बघू. मूळ चाकू आणि तुम्ही सांगितलेला आकार एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून आधी त्याबद्दल.

बोवीचं नाव गाजलं ते 19 सप्टेंबर 1827 च्या मारामारीमुळे. अमेरिकेत नॅचेझ गावाजवळ, मिसिसिपी नदीतल्या वाळूच्या पट्ट्यावर दोघांचं द्वंद्व ठरलं होतं. ते रक्त न सांडता मिटलं आणि मग बघायला आलेलेच एकमेकांवर तुटून पडले. गोळ्या आणि वार झेललेल्या बोवीने नॉरिस राइटला चाकूने मारलं. तो चाकू त्याला भाऊ रेझिन याने दिलेला होता. 1838 मध्ये रेझिनने एका वर्तमानपत्राला पत्र लिहून त्याचं वर्णन दिलं: पातं 9¼ इंच लांब, 1½ इंच रुंद, एकाच बाजूला धार, वाक नाही, आणि केला होता शिकारीसाठी. थोडक्यात, खाटकाच्या सुऱ्याच्या जातीचं सरळ, साधं हत्यार. तुम्ही म्हणता तो खोलगट टोकाचा, भारी गार्डचा आकार चाकू प्रसिद्ध झाल्यावर रूढ झाला. मागणी वाढली तसे अमेरिकेतल्या कारागिरांनी आणि इंग्लंडात शेफील्डच्या कारखान्यांनी तसे चाकू भरपूर काढले. (माणूस म्हणून बोवीचं मला जराही कौतुक नाही. तो आणि त्याचे भाऊ गुलामांच्या चोरट्या व्यापारात होते. मला ओढ आहे ती त्या पात्याची.)

माझं मत स्पष्ट आहे: पहिला चाकू सरळ पाठीचा करा. रेझिनने मित्रांना भेट देण्यासाठी फिलाडेल्फियाच्या शिव्हली आणि बॅटन रूजच्या सर्ल्स या कारागिरांकडून असेच चाकू करून घेतले होते. त्यांचे फोटो नीट पाहा. सरळ पाठीत लपवायला जागा नसते, जरा कुठे लहर आली की नजरेत भरते. खरी मेहनत आहे ती जाडी उतरवण्यात. पाठ मुठीपाशी 6 मिलिमीटर असेल तर टोकाकडे ती सारखी कमी होत 2 मिलिमीटरच्या आसपास यायला हवी. सगळीकडे सारख्या जाडीची पट्टी कापून केलेला चाकू हातात पहारीसारखा जड वाटतो. ही उतरण ऐरणीवर हातोड्यानेच काढा, ग्राइंडरवर पोलाद वाया घालवू नका.

आता पाटा. चालेल, पण तो कुठल्या पोलादाचा आहे हे डोळ्यांनी कळत नाही, आणि वर्षानुवर्षं ओझं सोसून त्यात बारीक तडे पडलेले असू शकतात. म्हणून आधी एक बोटभर तुकडा कापा, लाल तापवून तेलात विझवा, पूर्ण थंड झाला की शिकंज्यात धरून हातोडा मारा. डोळ्यांवर चष्मा हवाच. काचेसारखा कट्कन तुटला तर पोलाद पाणी धरतंय, म्हणजे तापवून विझवल्यावर कडक होतंय. नुसता वाकला तर तो पाटा सोडून द्या. मग तुटलेली कड उन्हात धरून पाहा. दाणा मैद्यासारखा बारीक, राखाडी दिसला तर तापमान बरोबर होतं. रव्यासारखा चमचमता दिसला तर जास्त तापलं.

पाणी देण्याचं काम संध्याकाळी करा, भर उजेडात पोलादाचा रंग फसवतो. धारेची कड त्याआधी दीड मिलिमीटरपेक्षा पातळ करू नका, नाहीतर ती वाकडी होते किंवा तडकते. साधारण 770 अंश सेल्सियसला लोहचुंबक चिकटायचं थांबतं. त्याच्याही थोडं पुढे जायचं असतं, पाट्याच्या पोलादाला 830 च्या आसपास. भट्टीतल्या पात्याकडे टक लावून पाहिलं तर एका टप्प्यावर लाल रंगात काळसर सावली सरकताना दिसते. ती सावली पूर्ण विरली, रंग सगळीकडे एकसारखा झाला, की पातं थोडं तसंच धरायचं आणि टोक खाली करून सरळ तेलात सोडायचं. खाद्यतेल 50-55 अंशांपर्यंत कोमट केलेलं हवं. पाण्यात बुडवू नका, हे पोलाद पाण्यात तडकतं. बाहेर काढल्यावर कानस फिरवा, ती घसरली पाहिजे, म्हणजे पातं कडक झालं. मग ठिसूळपणा कमी करायला लगेच ओव्हनमध्ये 200 अंशांवर दोन-दोन तास, दोनदा. ओव्हनच्या बटणावर विश्वास नको, आत वेगळा थर्मामीटर ठेवा. नंतर धार पाण्यात बुडवून फक्त पाठ गॅसच्या टॉर्चने निळी होईपर्यंत तापवली की पाठ चिवट राहते.

हे चिवटपण का हवं? अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी या चाकू घडवणाऱ्यांच्या संघटनेच्या परीक्षेत एकाच पात्याने लोंबता इंचभर जाडीचा दोर एका घावात तोडायचा, लाकडाची फळी दोनदा तोडायची, मग त्याच धारेने हातावरचे केस काढून दाखवायचे, आणि शेवटी ते पातं न तुटता 90 अंशांत वाकवायचं. तुम्हाला चाकू वाकवायचा नाही, पण असं पातं करणाऱ्याला पाठ आणि धार दोन्ही कळलेली असतात.

मुठीला शिसवी लाकडाच्या दोन फळ्या आणि पितळी रिव्हेटं पुरेत. शेवटाकडे शवपेटीसारखी निमुळती होत जाणारी मूठ त्या काळातली आहे, हवी तर ती करा.

लांबी मात्र 9¼ इंच ठेवू नका. आपल्या शस्त्र नियमांत घरगुती, शेती, वैज्ञानिक किंवा औद्योगिक वापराची नसलेली, 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याची हत्यारं येतात. पातं 8½ इंच ठेवा, सुरू करण्याआधी पोलीस ठाण्यात विचारून घ्या, आणि चाकू घेऊन बाहेर फिरू नका.

तुकडा मोडलात की तुटलेल्या कडेचा जवळून फोटो इथे टाका. दाणा पाहून तापमानाचं पुढे सांगतो.