इराणी इंटर्नला अमेरिकन ग्राहकाची ड्रॉइंग दाखवली तर ती निर्यात होते का?

तुमचा प्रश्न असा: ऑफिस हिंजवडीत, ग्राहक अमेरिकन, पुण्यातच एम.टेक. करणारा एक इराणी मुलगा टीममध्ये इंटर्न म्हणून आलाय आणि तुमच्या शेजारीच बसतो. फाइल देशाबाहेर जातच नाही, मग निर्यात कसली?

होऊ शकते. अमेरिकेच्या ईएआर (एक्स्पोर्ट ॲडमिनिस्ट्रेशन रेग्युलेशन्स) या निर्यात-नियंत्रण नियमांनुसार नियंत्रित तंत्रज्ञान दुसऱ्या देशाच्या नागरिकाला दाखवलं किंवा तोंडी समजावून सांगितलं, तरी ते त्याच्या देशात पोचलं असंच धरतात. हे अमेरिकेत घडलं तर डीम्ड एक्स्पोर्ट (निर्यात मानली जाते), तुमच्या ऑफिसात घडलं तर डीम्ड री-एक्स्पोर्ट (पुनर्निर्यात मानली जाते). त्याच्याकडे भारताचा व्हिसा आहे, पुण्यात चार वर्षं राहिलाय, याने काही बदलत नाही. ईएआर त्याचं अलीकडचं नागरिकत्व किंवा कायमचा रहिवास पाहतो. लष्करी वस्तूंचे आयटार नियम आणखी कडक, ते त्याची सगळी नागरिकत्वं पाहतात आणि इराण त्यांच्या मनाई असलेल्या देशांच्या यादीत आहे.

मी पुण्यात याच कामात आहे. बहुतेक गोंधळ पहिली पायरी उलटी घेतल्यामुळे होतो. लोक आधी माणसाचा पासपोर्ट बघतात. आधी बघायचं ते ड्रॉइंग. साध्या मोटारीच्या ब्रॅकेटचं काम असेल तर ते बहुधा नियंत्रण यादीत नसेलच. पण पाचही अक्ष एकाच वेळी चालवणाऱ्या अचूक सीएनसी मशीनचं डिझाइन, कार्बन फायबर बनवण्याची प्रक्रिया, ड्रोनचं नियंत्रण, काही प्रकारचं एन्क्रिप्शन, यांत यादीतलं तंत्रज्ञान सहज निघतं. त्यातही, मशीन कसं वापरायचं ही माहिती मोकळी आणि तेच मशीन कसं बनवायचं ही माहिती नियंत्रित, असं होऊ शकतं. म्हणून प्रोजेक्टवर सरसकट शिक्का मारून भागत नाही, फाइलनिहाय वर्गीकरण लागतं. ते ग्राहकाकडून लेखी मागवा: वर्गीकरण क्रमांक काय, परवाना आहे का, त्यात कोणत्या देशांचे नागरिक येतात. इराणवर अमेरिकेचे आर्थिक निर्बंध वेगळे आहेत, तेही याच पत्रात विचारा.

आपल्याकडचा कायदा स्वतंत्र आहे. डीजीएफटीची, म्हणजे केंद्राच्या विदेश व्यापार महासंचालनालयाची, नियंत्रित वस्तू आणि तंत्रज्ञानाची स्कोमेट यादी आहे आणि त्यामागे 1992चा विदेश व्यापार कायदा आणि 2005चा सर्वसंहारक शस्त्रांविषयीचा कायदा. 2017 साली भारत वासेनार व्यवस्थेत (शस्त्रं आणि दुहेरी वापराच्या तंत्रज्ञानाच्या निर्यातीवर नियंत्रण ठेवणाऱ्या देशांच्या गटात) आला, त्यामुळे यादीच्या आठव्या प्रवर्गात इलेक्ट्रॉनिक्स, संगणक, सेन्सर असं बरंच काही आहे. यादीतलं तंत्रज्ञान परदेशी ईमेलने पाठवलं तरी परवाना लागतो. सहाव्या, म्हणजे लष्करी प्रवर्गासाठी संरक्षण उत्पादन विभागाकडे जावं लागतं. तुमचा इंटर्न सुट्टीत घरी जाऊन तिथून सर्व्हरवर लॉगिन झाला, तर मग वादच नको, ती सरळ निर्यात आहे.

खरी गळती सर्व्हरच्या परवानग्यांमध्ये असते. नवीन माणूस आला की आयटीवाले त्याला 'टीमचा ॲक्सेस' देऊन टाकतात आणि त्या एका क्लिकमध्ये दहा वर्षांची ड्रॉइंग उघडी होतात. टीम्सवर स्क्रीन शेअर करताना कोण-कोण जोडलंय हे कुणी बघत नाही. एन्ड-टू-एन्ड एन्क्रिप्शन नीट असेल तर ईएआर काही अटींवर फाइल पाठवणं निर्यात मानत नाही, पण ती उघडण्याची किल्ली दिली की सवलत संपते.

हा धोका कागदी वाटत असेल तर टेनेसी विद्यापीठाचे प्राध्यापक जॉन रीस रॉथ आठवा. अमेरिकी हवाई दलाच्या ड्रोन संशोधनाचा डेटा त्यांनी चिनी आणि इराणी विद्यार्थ्यांना हाताळू दिला. 2008मध्ये ते दोषी ठरले, पुढच्या वर्षी चार वर्षांची शिक्षा झाली. विद्यार्थी त्यांच्याच प्रयोगशाळेतले होते.

आता त्या मुलाबद्दल, कारण मला हे फार महत्त्वाचं वाटतं. नियम पाळायची जबाबदारी कंपनीची आहे, त्याची नाही. टीमसमोर त्याला पासपोर्ट विचारू नका, एचआरकडून शांतपणे माहिती घ्या. त्याला बाजूला बसवून ठेवण्यापेक्षा नियंत्रणाबाहेरचं काम द्या: प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधांवर आधारित विश्लेषण, कंपनीची अंतर्गत टूल्स, अनियंत्रित प्रोजेक्ट. पुण्यात इराणी विद्यार्थी कित्येक वर्षांपासून शिकताहेत. केवळ देशाच्या नावावरून एखाद्याला दारातूनच परत पाठवणं हा या कायद्यांचा हेतू नाही आणि ते मला मान्यही नाही.

ग्राहकाचं लेखी उत्तर येईपर्यंत त्या प्रोजेक्टच्या फोल्डरचा त्याचा ॲक्सेस आजच बंद करा. आतापर्यंत त्याने त्यातलं काही उघडलंय का, हे लॉगमध्ये तपासून घ्या. उघडलं असेल तर लॉग न पुसता कंपनीच्या वकिलाला कळवा, ग्राहकाशी पुढचं बोलणं त्यांच्यामार्फतच होऊ द्या.