खगोलशास्त्राकडे वळण्याआधी

प्रिय,

तुझं पत्र मिळालं. कलिनात एमएस्सीला प्रवेश मिळाला हे वाचून बरं वाटलं. आता तुझ्या प्रश्नाकडे येते. आकाशाचं वेड आहे, तर तोच व्यवसाय करावा का, असं तू विचारलं आहेस. वांगणीच्या माळावर सतरंजी टाकून पहाटेपर्यंत तारे बघणाऱ्यांपैकी तू एक, तेव्हा वेडाबद्दल मला शंका नाही. पण पगार घेऊन खगोलशास्त्र करणाऱ्यांच्या वाट्याला आकाश फार थोडं येतं. मुंबईत तर चार महिने ढग आणि उरलेले आठ महिने दिव्यांचा उजेड. त्यावाचून कामाचं काही अडत नाही. लडाखमध्ये हानलेला साडेचार हजार मीटर उंचीवर दोन मीटर व्यासाची दुर्बीण आहे, ती बंगळुरूजवळच्या होसकोटेमधून उपग्रहाच्या साहाय्याने चालवतात. ॲस्ट्रोसॅट हा आपला खगोलशास्त्राचा उपग्रह तर २०१५ पासून अवकाशातच फिरतोय. त्यावरचं क्ष-किरण मोजणारं एक मोठं उपकरण मात्र आपल्या कुलाब्यात, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) तयार झालं.

म्हणून वेडाचं राहू दे. तू स्वतःला वेगळंच विचारावंस असं मला वाटतं: समोर आलेल्या आकड्यावर आठवडेच्या आठवडे संशय घेत बसायला तुला आवडेल का? कारण हे काम मुख्यतः तेच आहे.

एक उदाहरण देते. रेडिओ दुर्बिणीचा डेटा पहिल्यांदा पडद्यावर उघडला की एक चौकोन दिसतो. आडवा अक्ष वेळेचा, उभा वारंवारितेचा (फ्रिक्वेन्सीचा). त्यात एखादी बारीक, लखलखीत, सरळ आडवी रेघ असते. ती कुठल्यातरी ट्रान्समीटरची, ठरलेल्या वारंवारितेवर सतत चालू असलेली. एखाद्या क्षणी सगळ्या वारंवारितांवर एकदम उभा पट्टा उमटला, तर विजेच्या तारेवर कुठेतरी ठिणगी पडली असं समजायचं. दूरच्या ताऱ्याकडून आलेला स्पंद, म्हणजे रेडिओ लहरींचा क्षणभराचा झोत, असा सरळ उभा नसतो. ताऱ्यांच्या मधल्या अवकाशातल्या इलेक्ट्रॉनांमधून येताना कमी वारंवारितेच्या लहरी मागे पडतात, त्यामुळे त्याची रेघ वाकडी होते. वाकडी रेघ दिसली की छातीत धडधडतं.

पण तीही फसवते. ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स दुर्बिणीवर अशाच वाकड्या रेघांचे काही विचित्र स्पंद अनेक वर्षं दिसत होते. ही दुर्बीण एका वेळी आकाशाच्या तेरा वेगवेगळ्या ठिपक्यांकडे बघते. हे स्पंद आले की तेराही ठिकाणी एकदम दिसायचे, त्यामुळे ते इथलेच असावेत अशी शंका होती, पण कुठले ते कळेना. बरेचसे दुपारच्या जेवणाच्या सुमाराला यायचे. अखेर २०१५ मध्ये छडा लागला. आवारातला मायक्रोवेव्ह ओव्हन थांबायच्या आत कुणी त्याचं दार उघडलं की तो स्पंद निघायचा! लोक हा किस्सा हसण्यावारी नेतात. मला त्यातली चिकाटी आवडते. आकाशातल्या स्पंदांवर काम करणाऱ्यांनी स्वयंपाकघरातल्या ओव्हनचा शोधनिबंध लिहिला, आणि त्यात त्यांना कमीपणा वाटला नाही.

आपल्याकडची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण खोडदला, नारायणगावजवळ आहे. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस अँटेना. चौदा मध्यभागी दाटीने, बाकीच्या तीन दिशांना पंचवीसेक किलोमीटरच्या पसाऱ्यात, द्राक्षांच्या आणि कांद्याच्या शेतांमधून. गावं आहेत म्हणजे मोबाइलचे टॉवर आले, विजेच्या तारा आल्या. निरीक्षण चालू असताना दर अर्ध्या-पाऊण तासाने आपला स्रोत (म्हणजे ज्याच्या रेडिओ लहरी मोजायच्या तो) सोडून एखाद्या ओळखीच्या स्रोताकडे अँटेना वळवायच्या आणि उपकरण नीट मोजतंय ना याची खातरजमा करायची. मग घरी आणलेल्या डेटातून खराब भाग काढायचा. इथे कस लागतो. कमी काढला तर कचरा राहतो, जास्त काढला तर आकाशही त्याच्याबरोबर जातं. तांदूळ निवडताना खड्यापायी मूठभर तांदूळ सुपाबाहेर टाकणारी बाई आणि कंटाळून खडा तसाच ठेवणारी बाई, दोघी या कामात टिकत नाहीत.

वस्तीमुळे मोजमापाला होणारा हा त्रास आजचा नाही. कुलाब्याची वेधशाळा १८२६ ची. सप्टेंबर १८५९ मध्ये सूर्यावरून आलेलं प्रचंड चुंबकीय वादळ पृथ्वीवर आदळलं, तेव्हा इथले निरीक्षक नेहमीच्या शिरस्त्याने चुंबकसूचीच्या नोंदी घेत होते. वादळात त्यांनी त्या आणखी भराभर घेतल्या. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात सुमारे १६०० नॅनोटेस्लांची घट त्यांच्या वहीत उतरली. त्या नोंदींचा धागा पकडून २००३ साली शोधनिबंध आला, आणि त्या वादळाची तीव्रता सांगताना आजही कुलाब्याचाच आकडा पुढे करतात. पुढे मुंबईत विजेवरच्या ट्राम यायचं ठरलं. ट्रामच्या प्रवाहाने सूची हलली असती, म्हणून १९०४ साली चुंबकीय वेधशाळा अलिबागला गेली. शहर वाढतं आणि मोजणाऱ्याला उठून दुसरीकडे जावं लागतं.

दिवस कसा जातो, तेही तू विचारलं होतंस. पहाटे साडेपाच-साडेसहाला आर्काइव्ह या संकेतस्थळावर नव्या शोधनिबंधांची यादी येते, ती चहाबरोबर बघायची. मग पायथॉनचा कोड, विद्यार्थ्यांचा अडलेला कोड, दुसऱ्याच्या निबंधाचं परीक्षण. संध्याकाळी युरोप-अमेरिकेतल्या सहकाऱ्यांबरोबर मीटिंग. शिवाय दुर्बिणीचा वेळ मागणारे प्रस्ताव. जीएमआरटीचा वेळ वर्षातून दोनदा वाटला जातो, आणि मागणारे उपलब्ध तासांपेक्षा जास्त असतात. मोजक्या पानांत सांगायचं की किती तास हवेत, तेवढेच का, आणि तेवढ्यात अपेक्षित संकेत गोंगाटाच्या वर येईल कशावरून. नकार आला तर परीक्षकांचे शेरे शांतपणे वाचून पुन्हा लिहायचं. हे सगळं इंग्रजीत, आणि बरं इंग्रजीत. मराठी माध्यमातून आल्याचं तुला दडपण आहे असं दिसतं. ते सुटतं, पण रोज लिहिलं तरच.

पैशाचं सांगते, कारण घरी तो विषय निघणारच. पीएचडी करणाऱ्यांना मिळणारी नेट-जेआरएफची शिष्यवृत्ती २०२३ पासून महिना ३७ हजार आहे, घरभाडं वेगळं. पीएचडीला पाच-सहा वर्षं, त्यानंतर दोन-तीन पोस्टडॉक (पीएचडीनंतरच्या मुदतीच्या संशोधक-नोकऱ्या), बहुतेक परदेशात, दर दोन-तीन वर्षांनी गाव बदलून. कायमची नोकरी पस्तिशीच्या आसपास, आणि तीही मिळेलच असं नाही. घरी आजारी माणूस असेल, बहिणीचं शिक्षण व्हायचं असेल, तर हा हिशेब आत्ताच मांड. पीएचडी करून डेटाच्या नोकरीकडे वळणारे पुष्कळ आहेत. त्यांना कुणी पळपुटे म्हटलं तर मला राग येतो.

आता काय करायचं ते. पीएचडीच्या प्रवेशासाठी जेस्ट, टीआयएफआरची प्रवेश परीक्षा आणि पुण्यातल्या आयुका आणि एनसीआरए (जीएमआरटी चालवणारी संस्था) यांची एकत्रित परीक्षा, या तिन्ही लक्षात ठेव. सापेक्षतावाद मागाहून आला तरी चालेल, संख्याशास्त्र आधी पक्कं कर. २०२० साली एनसीआरएच्या गटाने जीएमआरटीवर शंभर तास निरीक्षण करून अतिदूरच्या दीर्घिकांमधल्या हायड्रोजनचा माग काढला. एकाही दीर्घिकेचा संकेत स्वतंत्र दिसत नव्हता. साडेसात हजारांहून अधिक दीर्घिकांचे संकेत एकावर एक रचले तेव्हा कुठे तो गोंगाटातून वर आला. अशी कामं संख्याशास्त्रावर उभी असतात.

आणि कुणाची परवानगी न मागता एक गोष्ट आजच सुरू कर. जीएमआरटीने १५० मेगाहर्ट्झला जवळजवळ नव्वद टक्के आकाशाचं सर्वेक्षण केलं आहे, टीजीएसएस नावाचं. त्याच्या प्रतिमा फुकट उतरवून घेता येतात, साध्या लॅपटॉपवर उघडतात. एखादा तुकडा घे. त्याच जागेची १४०० मेगाहर्ट्झची एनव्हीएसएस सर्वेक्षणातली प्रतिमा घे. दोन्हींत दिसणारे दहा-बारा स्रोत निवड, दोन्हीकडची तेजस्विता मोज आणि वारंवारितेनुसार ती कशी बदलते ते काढ. बहुतेकांची कमी वारंवारितेला जास्त भरेल. एखाद्याचं याच्या उलट निघेल. तेव्हा लगेच मला फोन करू नकोस. आधी बघ, शेजारच्या तेजस्वी स्रोताभोवती पसरलेल्या खोट्या रेषांपैकी एखादी तर तू मोजली नाहीस ना. दोन्ही प्रतिमांची स्पष्टता सारखी नाही, तेही लक्षात घे. एवढं करूनही उलटंच राहिलं, तर मग आलेख आणि कोड दोन्ही पाठव.

खोडदला जायचं तर राष्ट्रीय विज्ञान दिनाला, २८ फेब्रुवारीच्या सुमारास जा. तेव्हा जीएमआरटी लोकांसाठी खुली असते. कल्याणहून माळशेज घाटमार्गे एसटी आहे. पहाटेची गाडी पकड, नंतर शाळांच्या सहलींची गर्दी होते आणि तिथल्या इंजिनिअरांशी बोलायला मिळत नाही.

तुझी,
मावशी