लॉजवरचा मुक्काम आणि ओल्या गादीचं टेन्शन

प्रश्न : मॅडम, माझं वय ३२, मशीन सर्व्हिसिंगचं काम आहे, त्यामुळे सुरत, इंदूर, हुबळी असं सारखं फिरणं असतं. लहानपणापासून मला झोपेत लघवी होते, रोज नाही, पण पूर्ण कधी थांबलीच नाही. घरी बायकोला माहितीये, मेणकापड टाकलेलं असतं, भागतं. बाहेर असलो की दुपारनंतर पाणीच पीत नाही आणि रात्री जागा राहायला बघतो, तरी मागे एका लॉजची गादी भिजलीच, मी चादर तशीच गुंडाळून पहाटे चेकआउट केलं. आता कंपनीची मीटिंग आहे, दोन रात्री, रूम शेअरिंगमध्ये. जाऊ का आजारी पडू?
– नाव छापू नका, सांगली

उत्तर : जा हो, बिनधास्त जा. शंभरातल्या एखाद्या मोठ्या माणसाला तरी हा त्रास असतो, फक्त कोणी बोलत नाही.

आधी ते पाणी बंद करणं सोडा. दुपारपासून कोरडं राहिलं की लघवी घट्ट होते, मूत्राशय जास्तच चुरचुरतं, आणि मग रात्री जेवताना तहानेने तुम्ही तांब्याभर पाणी पिणार, म्हणजे सगळं मुसळ केरात. सकाळपासून चार-पाच वाजेपर्यंत भरपूर प्या, संध्याकाळनंतर घोट घोट. सहानंतर चहा नको आणि मीटिंगनंतरची बिअर तर नकोच, तिने लघवीही वाढते आणि झोपही अशी गाढ लागते की जाग येत नाही. झोपायच्या आधी एकदा जाऊन या, ब्रश करा, परत एकदा जाऊन या. जागरणाचा मात्र काही उपयोग नाही, दमलेला माणूस पहाटे ढाराढूर झोपतो आणि तेव्हाच घोटाळा होतो.

आता मेन गोष्ट, डायपर. लाजू नका, मेडिकलमध्ये पँट टाइप मागा, बरम्युडाखाली दिसत नाही. साइज कमरेच्या मापाने घ्या, मोठा घेतला की मांडीकडून गळतो. घातल्यावर मांडीजवळची झालर बोटाने बाहेर काढायची, ती आत दुमडलेली राहिली की हमखास लीक, आणि पुरुषांनी लिंग खाली वळवून ठेवायचं, नाहीतर कमरेच्या इलॅस्टिकवरून सगळं वर येतं. हे कोणी सांगत नाही आणि लोक डायपरलाच नावं ठेवतात! चादरीखाली एक डिस्पोजेबल अंडरपॅड टाका. घरी दोन-तीन रात्री ट्रायल घ्या, नवीन वस्तूचा पहिला प्रयोग हॉटेलात नको.

शेअरिंगचं म्हणाल तर एचआरला एवढंच सांगा की मला झोपेचा मेडिकल प्रॉब्लेम आहे, सिंगल रूम द्या, फरक मी भरतो. जास्त खुलासा द्यायची गरज नाही. नाहीच जमलं तर निदान दोन वेगळे बेड मागून घ्या आणि कपडे बाथरूममध्येच बदला. वापरलेला डायपर फ्लश करू नका, पाइप तुंबला तर सगळा मजला गोळा होईल. पेपरात गुंडाळून, काळ्या पिशवीत गाठ मारून डस्टबिनमध्ये टाका. पुण्यात असल्या पुडक्यावर लाल ठिपका काढायची पद्धत आहे, म्हणजे कचरा वेचणाऱ्या बाईंना न उघडताच कळतं, ती कुठेही पाळण्यासारखी आहे.

आणि तरीही गादी भिजली तर टॉवेलने दाबून ओल टिपा आणि हाउसकीपिंगला सांगा, चार्ज लावला तर भरा. चादर गुंडाळून पळून जाऊ नका, मागून येणारा गिऱ्हाईक त्याच गादीवर झोपतो की हो.

तुम्ही डॉक्टरांचं काहीच लिहिलं नाहीत, म्हणजे अजून दाखवलेलं नसणार. लघवी आणि शुगर तपासा, बद्धकोष्ठ असेल तर सांगा, बायकोला विचारा तुम्ही जोरात घोरता का, झोपेत श्वास अडकण्याच्या आजारातही रात्रीची लघवी वाढते. डेस्मोप्रेसिन नावाची गोळी आहे, रात्री लघवी कमी तयार होते, काही डॉक्टर फक्त प्रवासापुरतीही देतात. पण ती स्वतःच्या मनाने घ्यायची नाही, गोळी घेऊन वर भरपूर पाणी प्यायलं तर रक्तातलं सोडियम घसरतं आणि ते जिवावर बेतू शकतं. जाताना तीन दिवसांची नोंद न्या, किती वाजता किती पाणी प्यायलो, कधी किती लघवी झाली, अंथरूण कधी भिजलं. सांगलीत ओळखीचं कोणी भेटेल अशी धाकधूक असेल तर सरळ मिरजेला जा, तिथे युरॉलॉजिस्टची वानवा नाही.