चिचुंद्री चावली तर विष चढतं का?

तुम्ही विचारलंत, नौपाड्यातल्या तळमजल्यावरच्या घरात आईला चिचुंद्री चावली, तर विष चढेल का? नाही, त्या चिचुंद्रीमुळे विष चढणार नाही. आपल्या घरांतली चिचुंद्री माणसाला विषबाधा करते असा पुरावा नाही. मी ठाण्यात प्राणिशास्त्र शिकवते आणि हा प्रश्न दर पावसाळ्यात येतो. भीतीला थोडा आधार मात्र आहे. चिचुंद्री हा उंदीर नव्हेच, ती कीटकभक्षी आहे, आणि तिची उत्तर अमेरिकेतली आखूड शेपटीची एक नातलग खरोखर विषारी असते. तिच्या जबड्याखालच्या ग्रंथीतलं विष लाळेत मिसळतं आणि खालच्या पुढच्या दातांमधल्या खाचेतून जखमेत उतरतं. सापासारखा पोकळ दात नसल्याने तिला चावा धरून ठेवावा लागतो. हे विष म्हणजे प्रथिनं तोडणारं एक विकर (एन्झाइम). ते रक्तातल्या प्रथिनापासून कायनिन नावाचं रसायन मोकळं करतं, रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तदाब कोसळतो आणि उंदराएवढं भक्ष्य लुळं पडतं. माणसाला मात्र वेदना आणि सूज, एवढंच. आपल्या चिचुंद्रीचा तो उग्र दर्प कुशीतल्या ग्रंथींचा, त्याचा विषाशी संबंध नाही.

पण विष नाही म्हणून चावा अंगावर काढू नका. साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं जखम धुवा, हळद-चुना भरू नका, आजच डॉक्टरांना दाखवा. धनुर्वाताचं इंजेक्शन लागू शकतं. रेबीजच्या लशीचं डॉक्टर ठरवतील. पुढच्या दिवसांत ताप आला तर चाव्याचं आवर्जून सांगा, कारण चिचुंद्री लेप्टोस्पायरोसिसचे (लेप्टो तापाचे) जंतू बाळगू शकते.