सेल्फ दोनदा बदलला, तरी ‘खर्र’ जात नाही

प्रश्न : मिस्त्री, नमस्कार. माझी सहा सिलिंडरची, २४ व्होल्टची दहा टायरी गाडी आहे. हंगामात ऊस ओढतो, बाकी दिवस खडी. दोन महिने झाले, सेल्फ (स्टार्टर) मारला की कधी कधी ‘खर्रर्र’ असा दात घासल्याचा आवाज येतो आणि इंजिन फिरत नाही. दोन-तीनदा चावी मारली की लागतं. गावातल्या गॅरेजात सेल्फ दोनदा बदलला. दोन्ही वेळा पंधरा-वीस दिवस बरे गेले, मग पुन्हा तेच. गाडी रिकामी असताना टॉप गिअरला टाकून दोघांनी वीतभर ढकलली की मात्र पहिल्या चावीत चालू होते. आता फ्लायव्हील बदलायला सांगतायत. बदलू का? – एक वाचक, माळशिरस तालुका

उत्तर : वीतभर ढकलल्याचं तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत, कारण निदान त्या एका ओळीतच आहे. सेल्फ खराब असता तर गाडी ढकलून काही फरक पडला नसता. ढकलल्यावर काय बदललं? फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाच्या मागचं जड चाक, थोडं फिरलं आणि सेल्फच्या पिनियनसमोर (पुढच्या छोट्या दातेरी चाकासमोर) रिंगचे, म्हणजे फ्लायव्हीलवरच्या दातेरी कड्याचे, दुसरे दात आले. म्हणजे रिंगचे काही दात गेलेत, काही शाबूत आहेत.

हे असं का होतं ते समजून घ्या. इंजिन बंद केलं की ते वाटेल त्या जागी थांबत नाही. कुठल्या तरी सिलिंडरमध्ये दाबलेली हवा त्याला अडवते आणि तिथेच ते विसावतं. सहा सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या) एका फेऱ्यात अशा तीन जागा येतात, चार सिलिंडरच्यात दोन. त्यामुळे वर्षानुवर्षं पिनियन त्याच तीन जागी आदळतं. रिंगला समजा १३० दात असले, तरी मार खाणारे मोजकेच. कुरतडलेल्या दातांवर नवं पिनियन आपटलं की तेही पंधरा दिवसांत कुरतडतं. तुमचे दोन्ही सेल्फ असेच गेले असणार.

नवीन काही घेण्याआधी स्वतःच्या डोळ्यांनी बघा. गाडीच्या चाकांना ओट (दगड किंवा लाकूड) लावा, गिअर न्यूट्रल करा, बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा आणि मग सेल्फ उतरवा. वजनदार असतो, खाली झोपून एकट्यानं काढू नका. पुढच्या पुलीच्या नटाला पाना लावून इंजिन हातानं सावकाश फिरवायचं आणि सेल्फच्या भोकातून टॉर्च मारून एकेक दात बघायचा. पहिल्या दाताला खडूची खूण करा, म्हणजे फेरा पुरा झालेला कळेल. पिनियन ज्या बाजूनं आत शिरतं त्या बाजूच्या कडेवर बोट फिरवा. चांगल्या दाताची कड उतरती आणि गुळगुळीत लागते. गेलेला दात उंदरानं कुरतडल्यासारखा दिसतो आणि बोटाला धार लागते. एकमेकांपासून तृतीयांश फेऱ्यावर अशा तीन जागा सापडल्या, तर शंका उरत नाही.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर : फ्लायव्हील बदलू नका, रिंग बदला. रिंग वेगळी मिळते आणि फ्लायव्हीलपेक्षा पुष्कळ स्वस्त पडते. फ्लायव्हीलच्या क्लच टेकतो त्या तोंडाला खोल भेगा असतील तरच फ्लायव्हीलचा विचार करायचा. जुनी रिंग उलटी करून बसवू असं कोणी म्हणेल. उतरती कड एकाच बाजूला असेल तर ते करू देऊ नका. उलटल्यावर सपाट कड पिनियनसमोर येते आणि दात धरायला आणखी त्रास होतो.

रिंग बसवताना मात्र जवळ उभे राहा. ती गरम करून फुगवतात, फ्लायव्हीलवर टाकतात आणि गार होताना ती आवळून बसते. ओव्हन असेल तर उत्तम. गॅसच्या ज्योतीवर करणार असतील तर एका जागी ज्योत धरायची नाही, सगळीकडून फिरवत राहायची. आमच्या कोल्हापूरच्या उद्यमनगरात जुने लोक रिंगच्या आतल्या अंगाला पॉलिश पेपरनं एक ठिपका चकचकीत करतात आणि त्याचा रंग बघतात. ठिपका वाळलेल्या गवतासारखा पिवळसर झाला की साधारण २२० अंश झाले, थांबायचं. निळा पडला म्हणजे तीनशेच्या घरात गेला, दातांचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरलं. लाल झालेली रिंग तर घेऊच नका, तिचे दात मेणासारखे झिजतील. रिंग एका दमात फ्लायव्हीलच्या खांद्याला टेकली पाहिजे आणि हवेवरच गार झाली पाहिजे. पाणी ओतू देऊ नका.

गिअरबॉक्स उतरलेलाच असेल, तेव्हा क्रँकचं मागचं ऑइल सील, पायलट बेअरिंग आणि फ्लायव्हीलचे बोल्ट बघून घ्या. बोल्ट टॉर्क पान्यानंच आवळायचे, समोरासमोरचे धरून, टप्प्याटप्प्यानं.

आता मूळ कारण. ते शोधलं नाही तर नवी रिंगही जाईल. ऊस कारखान्याच्या गाडीतळावर नंबर पुढे सरकतो तशी गाडी रात्रभर चालू-बंद, चालू-बंद होते. ड्रायव्हरच्या डोळ्यांवर झोप असते. इंजिन बंद पडलं की तो लगेच चावी मारतो. पण डिझेल इंजिन थांबताना शेवटी मागे झोका खातं. त्याच क्षणी पिनियन पुढे आलं की दातावर दात बसतो. चार-पाच सेकंद थांबायचं, एवढंच ड्रायव्हरला सांगा, पण रागावून नको, समजावून सांगा. दुसरं, बॅटऱ्या मोजा. दोन्ही मिळून बसल्या जागी २५ व्होल्टच्या आसपास हव्यात, आणि सेल्फ मारताना १९ च्या खाली जाता कामा नये. जात असेल तर आधी टर्मिनल आणि चासीपासून इंजिनपर्यंतची अर्थ केबल घासून साफ करा. लोक पॉझिटिव्ह बघतात, अर्थ विसरतात. बेल हाउसिंगचं (फ्लायव्हील आणि क्लचवरच्या आवरणाचं) खालचं झाकण आहे का तेही पाहा. उसाच्या फडातला चिखल तिथूनच आत जातो.

हे सगळं इतक्या कळकळीनं लिहितोय, कारण मी स्वतः एकदा ही चूक केली आहे. कागलच्या एका गाडीमालकाला मी सेल्फ बदलून दिला आणि भोकातून आत डोकावलोही नाही. आठवड्यानं त्यांची भरलेली गाडी खंबाटकी घाटात बंद पडली ती पडलीच. रात्रभर ड्रायव्हर आणि क्लीनर दोघं चाकाला दगड लावून बसले होते. ते पैसे मी परत केले, पण त्या दोघांची रात्र काही परत देता आली नाही. तेव्हापासून सेल्फ उतरला की मी आधी रिंग बघतो.

प्रश्न : गाडी चालू झाल्यावरही दोन-तीन सेकंद किंकाळीसारखा आवाज राहतो. चालेल का? – एक वाचक, मिरज

उत्तर : चालणार नाही, आजच थांबा. पिनियन मागे येत नाहीये. रिंगला १३० आणि पिनियनला १० दात धरले तर ६०० च्या आयडलला (रेस न देता) पिनियन मिनिटाला ७,८०० फेरे घेतं. सेल्फच्या आतला एकतर्फी क्लच आहे तोवर आर्मेचर, म्हणजे सेल्फचा फिरणारा गाभा, वाचतं. तो जाम झाला की आर्मेचरची वायंडिंग (तारेचे वेढे) उपसून बाहेर येते. आधी चावी स्वतःहून मागे फिरते का ते बघा. मग सेल्फ काढून शाफ्ट रॉकेलनं धुवा आणि तेलाचा पातळ हात द्या. जाड ग्रीस थापू नका, क्लचची धूळ त्यात बसून लापशी होते. बुश ढिला असेल तर बदला.

प्रश्न : आयडलला मागून खडखड येते, क्लच दाबला की जाते. क्रँक गेला म्हणतात. – एक वाचक, इस्लामपूर

उत्तर : क्लच दाबून जाणारा आवाज सहसा क्रँकचा नसतो. गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग किंवा क्लच प्लेटच्या स्प्रिंगा बघा. उलट, दाबल्यावरच आवाज सुरू होत असता तर रिलीज बेअरिंग. क्लचला दाद न देणारा, इंजिन चालू-बंद होताना ‘धाड’ असा ठोका असेल तर मात्र गाडी रस्त्यावर काढू नका. फ्लायव्हीलचे बोल्ट ढिले असले तरी अगदी बेअरिंग गेल्यासारखाच आवाज येतो. म्हणून इंजिन खोलण्याआधी गिअरबॉक्स उतरवून ते बोल्ट तपासून घ्या.